वास मारणारा लायटर

लायटर उघडण्याआधी मी तो नाकाशी धरला आणि निम्मं निदान तिथंच झालं. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी तो घेऊन बेळगावात आमच्या दुकानी आले होते. दोन ज्योतींचा, धातूच्या अंगाचा, हजाराच्या आतला जेट लायटर, सिगार ओढणारे वापरतात तसला. "मिस्त्री, रात्री फुल्ल भरतोय आणि सकाळी बघतोय तर मोकळा. पेटला तर वीतभर भडकतोय, नाहीतर नुसता टिकटिक. शर्टालासुद्धा वास मारतोय बघा," असं त्यांचं म्हणणं.

लायटरमध्ये भरतात त्या चांगल्या ब्युटेन गॅसला वास जवळजवळ नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला मात्र गळती कळावी म्हणून मुद्दाम मरकॅप्टन हे वासाचं रसायन घालतात, तो उग्र वास लपत नाही. खोदून विचारल्यावर सांगितलं, कुणीतरी घरगुती गॅसच्या लहान सिलेंडरला पितळेची पिन लावून लायटर भरून दिला होता. स्वस्तात झालं म्हणून तेही खूश होते. मी त्यांना बसवून नीट सांगितलं, कारण यात हात आणि चेहरा भाजतो. ३० अंशांच्या उन्हाळी दुपारी ब्युटेनचा दाब हवेच्या दाबाच्या पावणेतीन-तीन पट असतो, प्रोपेनचा दहा पटीहून जास्त. घरगुती गॅसमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. लायटरची टाकी, तिचे सांधे, व्हॉल्व्ह, सगळं ब्युटेनच्या दाबाला धरून केलेलं असतं. ज्योत वीतभर का होत होती, हे यातच आलं. आणि गॅस इतक्या जोरात सुटला की ठिणगी पडूनही पेट घेत नाही, म्हणून ती टिकटिक.

आधी टाकी रिकामी केली. हे काम उघड्यावर, शेगडी, बिडी, उदबत्ती काहीही जवळ नसताना. ज्योत लहानमोठी करायचा स्क्रू पूर्ण वजाच्या खुणेकडे फिरवला, लायटर उलटा धरला म्हणजे भरायचा व्हॉल्व्ह वर आला, आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरनं तो दाबला. फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबून थांबून दाबायचा. टाकी गार पडते, आतला उरलेला गॅस मग लवकर उडत नाही. हातात धरून ऊब दिली की पुन्हा निघतो. चांगला गॅस वापरणाऱ्यानंसुद्धा दर भरणीआधी हे करावं. आत अडकलेली हवा दाब धरून बसते, ती काढली नाही तर टाकी अर्धीच भरते आणि ज्योत फडफडून विझते. "नवीन लायटर खराब निघाला" या तक्रारीत बहुतेक वेळा एवढंच असतं.

मग व्हॉल्व्ह. दोन दातांच्या चावीनं तो फिरवून काढला आणि भिंगाखाली धरला. आतल्या काळ्या रबरी रिंगेला एका बाजूनं चीर गेलेली, चंद्रकोरीएवढा तुकडा उचललेला. ती पितळी पिन व्हॉल्व्हच्या मापाची नव्हती, तिच्या कडेनंच रिंग कापली. रात्रीत टाकी मोकळी होण्याचं कारण हे. नायट्राइल रबराची त्याच मापाची रिंग घातली. साधं रबर इथं चालत नाही, ब्युटेननं ते फुगतं आणि मग कडक होऊन चिरतं. सगळ्याच स्वस्त लायटरांत व्हॉल्व्ह निघत नाही, काहींत तो दाबून बसवलेला असतो. तसला लायटर गळू लागला की टाकून द्यावा हेच खरं.

उजवी ज्योत तर आणल्यापासूनच मुकी होती. या कामात माणसं घाईनं सुई घालतात. तसं कधीही करू नये. जेटचं, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोटीचं, भोक केसाच्या जाडीएवढं असतं, सुईनं ते मोठं झालं की गॅस आणि हवेचं प्रमाण बिघडतं आणि निळी ज्योत पिवळी पडून काजळी धरते. रबरी ब्लोअरनं वरून तिरकी हवा मारली तशी पांढऱ्या कागदावर तपकिरी भुकटी पडली. त्यांनी चिमटीत घेऊन लगेच ओळखली, "आमचाच माल की हो!" वखारीत वावरताना खिशात साचणारी तंबाखूची भुकी. झाकण असलं तरी ती आत शिरते. आठवड्याला एकदा ब्लोअर मारला तरी पुरे.

ठिणगीची तार पण सरकली होती. अंधारात कळ दाबून पाहिलं, ठिणगी जेटवर न पडता बाजूच्या पत्र्यावर जात होती. चिमट्यानं तार किंचित वाकवून तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवलं. पावसाळ्यात आमच्याकडे, विशेषतः खानापूरकडच्या ओल्या हवेत, ठिणगी अशीच भरकटते. कोरड्या कापडानं डोकं पुसून थोडा वेळ उन्हात ठेवलं की बऱ्याचदा काम भागतं.

आता भरणी. गॅसचा डबा निवडताना नावापेक्षा आरशावर भरवसा ठेवावा: स्वच्छ आरशावर थोडा फवारा मारायचा आणि उडू द्यायचा. तेलकट डाग राहिला तर तोच डाग उद्या जेटमध्ये बसणार. लायटर उलटा, डबा त्यावर सरळ उभा उलटा, बारीक भोकाला बसणारं टोक लावून चार-पाच सेकंद दाब, दोनदा किंवा तीनदा. कडेनं गॅस उडाला तर टोक मापाचं नाही. टाकी तुडुंब भरायची नाही, उन्हात गॅस फुगायला जागा लागते. लायटरच्या मानकातही २३ अंशांला द्रव गॅस ८५ टक्क्यांपुढे नको असं आहे. भरल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवला, कारण गार गॅसवर ज्योत नीट लागत नाही. मग स्क्रू वजाकडून थोडा थोडा उघडत नेला. दोन-अडीच सेंटिमीटरची टोकदार निळी ज्योत आली की थांबायचं. त्याहून मोठी ज्योत सिगारचं तोंड जाळते आणि लायटरचं डोकं तापवते. एका वेळी दहा सेकंदांच्या वर कळ धरू नये. डिसेंबरच्या पहाटे बेळगावच्या गारठ्यात ज्योत लहान वाटली म्हणून लगेच स्क्रू उघडू नये, आधी मुठीत गरम करावा. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेन उकळायचंच थांबतं, तेव्हा गारव्यात दाब कमी होणारच.

"नवा घ्यायचा झाला तर कसला घेऊ?" त्यांनी विचारलं. माझं मत स्पष्ट आहे: एका ज्योतीचा. तीन ज्योतींचा दिसायला भारी, पण गॅस झपाट्यानं खातो आणि बुजायला तीन भोकं. बोटानं फिरवता येईल असं ज्योतीचं मोठं चाक, गॅस दिसणारी काच आणि धातूचा व्हॉल्व्ह, एवढं पाहावं. कळेबरोबर आपोआप उघडणारं झाकण टाळावं, आधी मोडतं ते तेच. दुकानात लायटर बहुधा रिकामाच मिळतो, तेव्हा कळ दहा-बारा वेळा दाबून ठिणगी दर वेळी एकाच जागी पडते का बघावं. पेट्रोलचा लायटर सिगारला नको, पहिल्या झुरक्यालाच वास लागतो. तंबाखूत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही. साधे लायटरसुद्धा आता पूर्वीसारखे मातीमोल मिळत नाहीत, कारण जून २०२३ मध्ये केंद्रानं वीस रुपयांहून कमी किमतीच्या लायटरची आयात बंद केली. त्यामुळे आहे तो सांभाळणं परवडतं.

साबणाचा फेस लावून व्हॉल्व्ह तपासला, बुडबुडा आला नाही. पण बारीक गळती फेसाला दिसत नाही, म्हणून लायटर रात्रभर ठेवून घेतला. ठेवण्याआधी शेजारच्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं आणि सकाळी पुन्हा केलं. काटा दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. आकडा हलला नव्हता. दुपारी ते आले, दोन्ही ज्योती पेटवून दाखवल्या. रिंगेचे पैसे आणि मजुरी दिली, आरशावर पास झालेला एक डबा घेतला, आणि त्या सिलेंडरवाल्याला हे सगळं समजावून सांगतो म्हणाले. पिन पण काढून घ्या, असं मी बजावलं.