नाल्याकाठची वाट

बेळगावकराची मार्कंडेय नदीशी गाठ पडते ती नळाच्या तोटीत, नाहीतर पावसाळ्यात ‘राकसकोप भरला’ या बातमीत. जलाशय भरला की शहर निर्धास्त. पुढे हीच नदी काकतीकडे कशी जाते, हे बघायला कोण जातंय? बळ्ळारी नाल्याची तर त्याहून परवड. पुलावरून गाडी नेताना नाकाला रुमाल लावायचा, एवढीच आपली त्याच्याशी ओळख.

अशा पाण्याकाठी फिरायची वाट आणि बाग करू या, असं कुणी म्हटलं की मला आधी दिसतात ते पेव्हर ब्लॉक. मग फायबरचं हरीण, आ वासून बसलेला कचरापेटीचा पेंग्विन आणि उद्‌घाटनाचा फलक. त्यावरची नावं वाचण्यातच अर्धी फेरी संपते.

तरी वाट हवीच, असं माझं मत आहे. किल्ला तलावावर बघा. ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ बघायला आलेला माणूस तळ्याभोवतीही एक फेरी मारतो. रोज फिरणाऱ्याला पाण्याचा बदललेला रंग पहिल्यांदा कळतो, आणि निवृत्त माणूस असेल तर तो अर्ज केल्याशिवाय राहत नाही. पाण्याला असे चार खवट पहारेकरी लागतातच.

पण नाल्याचं दुखणं काठावर नाही, पोटात आहे. गटारांचं पाणी त्यात येतं, त्यावर जलपर्णी पोसते. लांबून जांभळी फुलं इतकी देखणी दिसतात की लोक फोटो काढतात. एक रोप उपटून बघा. फुगीर देठ दाबला की स्पंजासारखा दबतो, खाली केसांच्या झुपक्यासारखी काळी मुळं, त्यांत अडकलेला गाळ. पंधरवड्यात ही वनस्पती दुप्पट होऊ शकते. सांडपाणी न थांबवता नुसती ती काढत राहणं म्हणजे कंत्राटदाराची कायमची सोय. पाऊस लागला की तुंबलेलं पाणी शहापूर, वडगावच्या शिवारात शिरतं आणि भात कुजतं. शिजताना शेजारच्या घरापर्यंत घमघमणारा बेळगाव बासमती याच चिखलातला.

बांधावर भेटलेल्या एका काकांना मी बागेचं विचारलं. ते म्हणाले, “बाकडी घाला की, कोण नको म्हणतंय? पण आदी गाळ काडा. पाणी खुटं जायाचं ते त्येला दावा.”

दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की शहरातलं पाणी झटक्यात पुढे जातं, ते खालच्या शेतकऱ्याच्या उरावर. त्यापेक्षा काठ उतरता ठेवावा, त्यावर वाळा लावावा, वर करंज, जांभूळ, उंबर. वाट मुरमाची असावी. पुरात चार दिवस बुडाली तर बुडू दे, ओसरल्यावर पुन्हा चालू. शिवारातून जाईल तिथे तिची रुंदी बैलगाडीला पुरावी. सकाळी आपण पोट कमी करायला जाणार, त्याच वाटेनं कुणाचं तरी भात घरी येणार आहे.

आणि पाणी खरंच स्वच्छ झालं, तर एक घाट म्हशींसाठी ठेवा. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी धुऊन, सजवून मिरवतात. आराखडा काढणाऱ्या साहेबांनी त्या घाटापुरतं तरी गवळ्यांना विचारावं. उतार किती हवा आणि पाय कुठे घसरतो, हे त्यांना न मोजता ठाऊक असतं.