निघालो, निघालो!

‘थंडरबर्ड्‌स’ या कळसूत्री बाहुल्यांच्या ब्रिटिश मालिकेबद्दल प्रेक्षकांची एक तक्रार साठ वर्षं झाली तरी मिटलेली नाही. संकटात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी आपल्या बेटावरून यानं घेऊन धावणाऱ्या ट्रेसी भावांच्या गुप्त संघटनेची ही गोष्ट, पण हे लोक निघायला फार वेळ लावतात!

तक्रार अगदीच खोटी नाही. पहिल्याच भागात अणुशक्तीवर उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या चाकांपाशी बॉम्ब लावलेला आहे. उतरावं तर स्फोट, न उतरावं तर प्रवाशांना किरणोत्साराचा धोका. अशा वेळी आपले व्हर्जिल ट्रेसी काय करतात? दिवाणखान्यातल्या रॉकेटच्या चित्राला पाठ टेकून उभे राहतात. चित्र उलटतं, महाशय डोकं खाली करून घसरगुंडीवरून सुटतात, वाटेत त्यांना फिरवून सरळ केलं जातं आणि मग पाय पुढे करून ते थेट कॉकपिटमध्ये पोचतात. पुढे त्यांच्या अवाढव्य हिरव्या विमानाच्या पोटात कुठला पॉड, म्हणजे यंत्रसामग्रीचा डबा, बसवायचा ते ठरणार. कड्याचा दरवाजा उघडणार. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंची ताडाची झाडं अदबीने मागे कलणार. खालचा उतार वर उचलला जाणार. त्यानंतर उड्डाण.

माझी भाची हे पाहताना मोबाइलवर वेग दीडपट करते. “आत्या, हे निघणार कधी? तोवर ते विमान पडेल ना!” मी मात्र ज्यांना हेच सगळ्यात जास्त आवडतं त्या पक्षातली. सुटका कशी झाली हे पुढच्या आठवड्यात विसरतं. पण पोहण्याचा तलाव बाजूला सरकून खालून रॉकेट वर येतं ते आयुष्यभर लक्षात राहतं. व्हर्जिलचा भाऊ ॲलन सोफ्यावर बसतो आणि सोफ्यासकट जमिनीखाली जातो. दुसरा भाऊ स्कॉट दोन दिव्यांमध्ये उभा राहतो आणि भिंतच फिरते. घरातली एकही वस्तू नुसती वस्तू नाही. त्यांची इंग्लंडमधली हस्तक लेडी पेनेलोपी, तिची चहाची किटलीसुद्धा बिनतारी यंत्र आहे.

गंमत म्हणजे ज्याला काही जण पाल्हाळ म्हणतात, त्यातलं काही खरंच पाल्हाळ आहे. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांनी ही मालिका लंडनजवळच्या स्लाव गावातल्या औद्योगिक वसाहतीत बनवायला घेतली तेव्हा भाग होता पंचवीस मिनिटांचा. पैसा पुरवणाऱ्या ल्यू ग्रेड यांनी पहिला भाग पाहिला आणि ते इतके खूश झाले की भाग दुप्पट लांबीचे करा म्हणाले. काही भाग आधीच तयार होते. त्यात नवी दृश्यं घालून ती जागा भरावी लागली. पाहुणा जेवायला थांबतो म्हणाल्यावर आमटीत पाणी वाढवतात तसंच हे. फक्त इथे आमटी बिघडली नाही, उलट मुरली.

यंत्रांच्या सुळसुळाटामागेही अशीच एक अडचण होती. या कळसूत्री बाहुल्या होत्या, आणि त्यांना चालता येत नव्हतं. धड चालणं म्हणजे लटपटत, तरंगत पुढे सरकणं. मग त्यांना चालायची वेळच येऊ द्यायची नाही! सरकते पट्टे, हवेत तरंगणाऱ्या स्कूटर, आपोआप वळणाऱ्या खुर्च्या, वाहनं आणि आणखी वाहनं. बटण दाबायची वेळ आली की पडद्यावर अचानक खऱ्या माणसाचा हात येतो. यावर प्रेक्षकांनी इतके विनोद केलेत की त्यात भर घालायला मी कचरते. पण तोंडाची हालचाल मात्र खास होती. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांवर बाहुलीच्या डोक्यातलं विद्युतचुंबकीय यंत्र चालायचं आणि ओठ हलायचे. वीज पोचायची ती ज्या बारीक तारांवर बाहुली लटकायची त्यांमधूनच. यंत्र मावावं म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी ठेवली गेली.

आता जुन्या फिल्मवरून केलेल्या स्वच्छ प्रती आल्यामुळे त्या तारा लख्ख दिसतात, आणि त्यावरूनही दोन तट आहेत. एक गट म्हणतो, संगणकाने पुसून टाका. मी म्हणते, हात लावू नका. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत बाहुल्या नाचवतात तेव्हा दोऱ्या कुणी लपवतं का? दोरी दिसत असतानाही ‘आता काय होणार’ असं वाटतं, कसब ते हेच.

रंगाची गोष्ट तर याहून मजेशीर. अमेरिकेत विकायची म्हणून मालिका रंगीत चित्रित झाली, पण 30 सप्टेंबर 1965 ला ती सुरू झाली तेव्हा ब्रिटनमधलं टीव्ही प्रक्षेपण कृष्णधवल होतं. मालिका दाखवणाऱ्या आयटीव्ही वाहिनीवर रंग आला 1969 मध्ये. म्हणजे ते हिरवं विमान आणि पेनेलोपीची सहा चाकांची गुलाबी रोल्स-रॉइस पहिल्या पिढीने पाहिली ती करड्या रंगात. आणि एवढा खटाटोप करून अमेरिकी वाहिन्यांशी सौदा काही जमला नाहीच. दुसऱ्या पर्वाचे सहा भाग झाल्यावर, एकूण 32 वर, सगळं थांबलं.

यंत्रं, स्फोट, खलनायक हे सगळं असूनही मुळात ही मारामारीची मालिका नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1963 मध्ये पश्चिम जर्मनीत लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी शिरलं. शेवटचे अकरा कामगार चौदा दिवसांनी जिवंत बाहेर आले. तिथे लागणारी अवजड यंत्रं लांबून आणावी लागली, त्यात वेळ गेला. अशी यंत्रं कुठेतरी सदैव तयार का असू नयेत, या विचारातून अँडरसन यांना ट्रेसी बेटाची कल्पना सुचली. म्हणजे बघा, वेळ जाऊ नये म्हणून जन्मलेल्या मालिकेवर आक्षेप काय, तर वेळ घालवते!

काही आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाहीत. डोळे चमकवून माणसांना भारून टाकणारा हूड हा खलनायक पूर्वेकडचा, त्याचा सावत्रभाऊ किरानो ट्रेसींच्या घरी नोकर. आजचा प्रेक्षक इथे अवघडतो, आणि ते बरोबरच आहे. त्या काळी असंच असायचं म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही.

बाकी प्रेम म्हणाल तर 1990 च्या दशकातलं बघावं. बीबीसीने मालिका पुन्हा दाखवली, मुलं वेडी झाली आणि ट्रेसी बेटाची खेळणी दुकानांतून संपली. तेव्हा ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून ते बेट कसं करायचं हे दाखवलं, आणि कृतीचा कागद मागणाऱ्यांची रीघ लागली. 2004 चा माणसांचा चित्रपट मात्र जुन्या चाहत्यांच्या मनात उतरला नाही. त्यात लाकडी वाटले ते कलाकार, अशी माझी चहाटळ टिप्पणी.

सध्या गाजतोय तो कालखंडाचा वाद. कथा 2065 मध्ये घडते असं बरेच जण धरून चालतात. पण शेवटच्या, नाताळच्या भागात भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबर 2026 चं आहे. भाचीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न वेगळाच. ही संघटना गुप्त ना, यांच्या यानांचे फोटो काढायला बंदी ना? मग पहिल्या भागातल्या विमानतळावरच्या एकाच्याही हातात मोबाइल कसा नाही?