निलगिरीचा तळ आणि जुलैची हवा

एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा उडवणाऱ्या साधनाने, जहाजाच्या मॉडेलचा तळ रंगवायचा, हे मी ठरवले ते एका साध्या हिशेबामुळे. माझ्याजवळचे मॉडेल लिअँडर वर्गातील फ्रिगेटचे, म्हणजे एका प्रकारच्या युद्धनौकेचे, असून त्याचे प्रमाण १:६०० आहे. मूळ जहाजाची लांबी सुमारे ११३ मीटर आहे, म्हणजे टेबलावर ते जेमतेम १९ सेंटीमीटर भरते. कुंचल्याने दिलेला थर ०.१ मिलिमीटर जाडीचा झाला, तर या प्रमाणात तो खऱ्या जहाजावर ६ सेंटीमीटर जाडीच्या लेपासारखा होतो. कडेची उठावदार रेघ आणि वाटाण्याहूनही लहान खिडक्या त्याखाली बुजून जातात. रंगाचा अतिशय पातळ, एकसारखा थर हवा असेल तर तो हवेनेच उडवावा लागतो.

मी माझगावात राहते, म्हणून या संचातून मूळ ब्रिटिश जहाज न करता ‘आयएनएस निलगिरी’ करायचे ठरवले. लिअँडर वर्गाच्या आराखड्यावरची ही फ्रिगेट आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्याच नावाची नवी फ्रिगेट जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतच नौदलात आली, पण माझे मन जुन्या निलगिरीवर आहे.

सराव मी पांढऱ्या कागदावर आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांवर केला. डबल अ‍ॅक्शन एअरब्रशचा घोडा खाली दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग येतो. हवा आधी सुरू करायची आणि शेवटी बंद करायची, ही सवय बोटाला लागायला चार संध्याकाळी लागल्या. रंग दुधाइतका पातळ केला आणि हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवला. ब्रश फार जवळ नेला तर हवेच्या जोराने ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो. फार लांब धरला तर तो वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सहा-सात सेंटीमीटरवर माझा हात स्थिरावला. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून मॉडेलच्या बाहेरच संपवायचा, हेही तिथेच शिकले, कारण सुरुवातीचा आणि शेवटचा ठिपका नेहमी जाड पडतो.

कागदावर सगळे नीट जमत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र प्रत्यक्ष मॉडेलवर फवारा मारताना पंधराव्या मिनिटाला रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडाले आणि नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, ताज्या राखाडी थरात तीन गोल खळगे पडले. एअरब्रशला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी काचेची वाटी होती आणि ती कोरडी ठणठणीत होती, म्हणून मला काही उमजेना.

उत्तर मिळाले ते आमच्या मजल्यावरच्या काकांकडून. ते माझगाव डॉकमध्ये रंगकामाच्या विभागात होते आणि आता निवृत्त आहेत. मॉडेल हातात न घेता त्यांनी आधी कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “हा तापलाय, बाई. तापलेल्या हवेतलं पाणी वाटीत कसं थांबेल?” मग मी कारण नीट समजून घेतले. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशी हवा दाबली की तिच्यात मावणारी वाफ कमी होते, पण दाबताना ती तापलेलीही असल्यामुळे वाफ लगेच पाण्यात उतरत नाही. ती वाटीतून सहज पुढे जाते, नळीत थंड होते आणि तिथे तिचे पाणी होते. म्हणजे माझी वाटी चुकीच्या जागी होती. हवा आधी गार व्हायला हवी आणि मग अडवली जायला हवी.

त्यानंतर कॉम्प्रेसर आणि वाटी यांच्यामध्ये मी तीन मीटरची नळी घातली, तिची वेटोळी गार पाण्याच्या बादलीत बुडवली, वाटी त्यापुढे उभी टांगली आणि दुसरी लहान वाटी एअरब्रशच्या मुठीखाली बसवली. वीस मिनिटे काम केले की कॉम्प्रेसर बंद ठेवू लागले. पहिल्याच दुपारी वाटीत चमचाभर पाणी जमले. ते पाहून मला झालेला आनंद रंग नीट बसल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. गोदीत पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस जास्त असल्याशिवाय रंगाला हात लावत नसत, कारण त्याहून गार पोलादावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. माझ्या गॅलरीत पोलाद नाही, पण तेव्हापासून मी दुपारी दोन ते चार या वेळेतच फवारते, कारण दिवसभरात त्या वेळी आर्द्रता त्यातल्या त्यात कमी असते. रंगवलेले मॉडेल सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या, घट्ट झाकणाच्या तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवते.

खळगे पडलेला भाग बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, घासून काढला आणि पुन्हा सुरुवात केली. आधी प्राइमर, म्हणजे अस्तराचा रंग, मग पाण्यावरच्या भागाला फिका राखाडी. दोन दिवसांनी पुस्तकांच्या थप्पीवर आडवी बसवलेली पेन्सिल स्थिर ठेवून आणि मॉडेल तिच्याभोवती फिरवून जलरेषा आखली. तिच्यावर मास्किंग टेप लावून खाली तपकिरी लाल रंग दिला. हा लाल रंग केवळ शोभेचा नाही. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला जो लेप देतात त्यात तांब्याचे लालसर ऑक्साइड असते, आणि तळ लाल ठेवण्याची रीत त्यामुळे रुजली. दोन्ही रंगांच्या मधला काळा पट्टा बंदरातल्या तेलकट मळासाठी असतो. जहाजावर तो मीटरभर रुंद धरला, तर माझ्या मॉडेलवर दीड मिलिमीटरहून किंचित जास्त होतो. त्या पट्टीसाठी टेप कापायला मला एक पूर्ण रविवार लागला.

टेप काढताना ती पृष्ठभागाला जवळजवळ चिकटूनच, मागे दुमडत ओढली. रेघ स्वच्छ आली. फक्त मागच्या बाजूला, पंख्याच्या दांड्याजवळ, लाल रंग केसभर आत शिरला आहे आणि तो टोकदार कुंचल्याने झाकायचा आहे. काकांनी चष्मा लावून जहाज खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिले आणि विचारले, “पाणी किती खोल लागतंय ते दाखवणारे आकडे नाळेवर कुठे आहेत?” सहा इंच उंचीचा आकडा १:६०० प्रमाणात पाव मिलिमीटर होतो. तो कशाने काढायचा, याचा शोध मी कालपासून घेते आहे.