९१ टक्के भरलेला स्नॅपशॉट

सावद्याच्या एका केळी निर्यातदारांचा मेल सर्व्हर मी जळगावात बसून सांभाळतो. मे महिन्यातल्या एका सकाळी तिथल्या कागदपत्रं बघणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, कंटेनरचं फोल्डरच दिसत नाहीये." नव्या फोनवर मेल सेट करताना ते डिलीट झालं होतं, आणि आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या उपकरणांवर दाखवायची पद्धत) एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावरच्या मालाच्या पावतीचा) मसुदा, सगळं त्यातच. कंटेनर न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर. रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, केळी १३-१४ अंशांवर राहते खरी, पण कागद अडले की ती फार दिवस वाट बघत नाही.

आदल्या दिवसाचा बॅकअप होता, पण मसुदा रात्री उशिरा आलेला. रात्री २ वाजता स्क्रिप्ट एलव्हीएमचा (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डिस्कची स्थिती, घेते, त्यातून नॅसवर (नेटवर्कवरचं साठवणीचं यंत्र) कॉपी करते आणि स्नॅपशॉट काढून टाकते. त्या रात्री वादळाने वीज गेली, नॅस बंद पडला, कॉपी अर्धवट राहिली, आणि स्नॅपशॉट तसाच उरला. स्थिती दाखवणारी एलव्हीएस आज्ञा चालवून पाहिली तर डेटाच्या रकान्यात ९१ टक्के!

स्नॅपशॉट म्हणजे दुसरी प्रत नव्हे. मूळ व्हॉल्यूमवरचा (डिस्कच्या त्या भागावरचा) ब्लॉक, म्हणजे डेटाचा तुकडा, बदलण्याआधी जुन्या ब्लॉकची कॉपी राखीव जागेत ठेवली जाते. ती जागा पूर्ण भरली की स्नॅपशॉट बाद, आतलं काहीच हाती लागत नाही. त्यात ऑफिस उघडायची वेळ, म्हणजे मेलचा लोंढा. शेठना फोन केला, "भाऊ, थोडा वेळ मेल बंद ठेवतो. येणारे मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर थांबतील, हरवणार नाहीत." ते म्हणाले, "ठेवा भो, पन कागद पायजे."

मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि तो दाखवणारा डव्हकॉट थांबवले. एलव्हीएमच्या डिस्क-ग्रुपमध्ये थोडी जागा शिल्लक होती, ती एलव्हीएक्स्टेंड आज्ञेने स्नॅपशॉटला दिली. मग तो रीड-ओन्ली माउंट करायला, म्हणजे फक्त वाचण्यापुरता उघडायला, गेलो तर नकार. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कारण दिसलं: डुप्लिकेट यूयूआयडी. मूळ आणि स्नॅपशॉट दोघांची ओळख एकच, म्हणून एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अडून बसते. घाबरून रिपेअर चालवणारे इथेच घात करून घेतात. नोयूयूआयडी हा पर्याय जोडला आणि माउंट झालं.

मेलडिरमध्ये, म्हणजे डिस्कवर मेल साठवायच्या या मांडणीत, फोल्डरची नावं टिंबाने सुरू होतात, यादी दाखवणाऱ्या साध्या एलएसला दिसत नाहीत. मायनस ए लावून पाहिली. ताईंनी फोल्डरना मराठी नावं दिलेली, आणि आयमॅपच्या जुन्या नियमाने डिस्कवर ती अँपरसँड (&) आणि रोमन अक्षरांची खिचडी होऊन बसतात. कुठलं कुठल्याचं, डोळ्यांनी कळणं अशक्य. ताईंकडून कंटेनर नंबर घेतला, चार अक्षरं आणि सात आकडे, आणि फाइलींत मजकूर शोधणारा ग्रेप लावला. मेलच्या विषयातच तो नंबर असल्याने फोल्डर सापडलं. मालकी आणि परवानग्या राखून आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने जागेवर ठेवलं, सेवा सुरू केल्या. तरी ताईंना दिसेना! डव्हएडीएम या डव्हकॉटच्या आज्ञेने फोल्डर सबस्क्राइब केलं, म्हणजे दिसणाऱ्या यादीत घातलं, तेव्हा उगवलं, वाचलेल्या-न वाचलेल्या खुणांसकट, कारण त्या खुणा फाइलच्या नावातच असतात.

मसुद्यात माल घेणाऱ्याचा पत्ता चुकला होता. तो ताईंनी लगेच दुरुस्तीला पाठवला. मी अनमाउंट करून, नाव दोनदा वाचून, स्नॅपशॉट काढला. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये स्नॅपशॉट आपोआप वाढवायची मर्यादा मुळात १०० असते, म्हणजे सोय बंदच. ती ७० वर आणली, आणि नॅस इन्व्हर्टरवर घेतला.