बारा हातांचा पाव इंच

सोमवार

गोधडीसाठी बारा जणांनी एकमेकांना शिवून द्यायचे चौकोन, म्हणजे अदलाबदलीचे बाराही ब्लॉक, आज टेबलावर आले. पाकिटातून निघालेला ब्लॉक आधी उलटा करून पाहावा. पुढून सगळेच गोड दिसतात, खरं काय ते मागच्या शिवणी सांगतात. उलटं पाहून झालं की हलकी इस्त्री, मग मोजमाप. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. घडीत चुरगळलेला ब्लॉक मोजला तर तो नेहमी कमीच भरतो आणि करणाऱ्यावर उगाच आळ येतो.

नमुना सगळ्यांना एकच दिलेला: नऊ चौकोनांचा फ्रेंडशिप स्टार. चार कोपऱ्यांना पार्श्वभूमीचे चौकोन, मधोमध ताऱ्याच्या कापडाचा एक, आणि चार बाजूंना अर्धे-अर्धे त्रिकोण जोडून केलेले चौकोन. गोधडीत बसल्यावर १२ इंच, म्हणजे सुटा मोजला तर साडेबारा. आजची मोजणी अशी: सात बरोबर साडेबारा, दोन सव्वाबारा, एक एका सुताने (इंचाच्या आठव्या भागाने) कमी, एक एका सुताने जास्त, आणि एक मापात असूनही काठाला लाटा आलेला. बारांत सात बरोबर म्हणजे चांगलंच म्हणायचं.

सव्वाबारा का भरतो, हे एकदा नीट कळलं की अर्धी अदलाबदल सुधारते. प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा कापलेला. तीन मिळून साडेतेरा. एका ओळीत शिवणी दोन, आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा पाव-पाव इंच जातो. साडेतेरातून एक इंच गेला, राहिले साडेबारा. आता माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, दोन सुतांऐवजी अडीच सूत धरली, तर प्रत्येक शिवणीत एक सूत जास्त जातं आणि दोन शिवणींत दोन सूत. टीप मारताना डोळ्यांना न दिसणारं अर्धं सूत ब्लॉकच्या काठाशी पाव इंच होऊन बसतं. चार चौकोनांची ओळ असलेल्या नमुन्यात शिवणी तीन, म्हणजे तूट तीन सुतांची.

म्हणून माया ‘पाव इंचाला जरा कमी’ धरायची. कापड शिवणीवरून उलटताना दोऱ्याची जाडी आणि घडीचं वळण थोडी जागा खातं, त्यासाठी सुईला एका-दोन धाग्यांची सवलत. हे तोंडी सांगून कुणालाच जमत नाही, पट्ट्या शिवून पाहाव्या लागतात. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली मोजायची. बरोबर एक इंच भरली तर माया बरोबर. कमी भरली तर सुई एक टप्पा उजवीकडे सरकवायची किंवा यंत्रावर चिकटवलेली खुणेची पट्टी सुईच्या जवळ आणायची. ही तीन पट्ट्यांची चाचणी प्रत्येकाकडून आधी मागवून घ्यावी. त्यात अपमान मानण्यासारखं काही नाही. यंत्र बदललं की माया बदलते, कधी नुसता कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय बदलला तरी बदलते.

मंगळवार

इंच आणि सेंटिमीटर यांची भेळ करू नये. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर; काही यंत्रांवर खूण ६ मिलिमीटरची असते, तो फरक एक वेळ निभावतो. पण साडेचार इंच म्हणजे ११.४३ सेंटिमीटर, आणि कुणी सोयीसाठी ११ कापले तर तीन चौकोनांत जवळपास १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच गेला. तो ब्लॉक मग कशानेच वाचत नाही. नियमांच्या कागदावर एकच एकक असावं, आणि माप ‘सुटा साडेबारा, बसलेला १२’ असं दोन्ही प्रकारे लिहावं. नुसतं ‘१२ इंचांचा ब्लॉक’ लिहिलं की कुणीतरी सुटा १२ करून पाठवणार, हे ठरलेलंच.

कागदावर आणखी काय हवं: शंभर टक्के सुती कापड. कापड आधी धुवायचं की नाही, जे ठरेल ते सगळ्यांनी. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं, त्यामुळे काही धुतलेले आणि काही कोरे ब्लॉक एकत्र आले तर पहिल्या धुण्यानंतर कोरे सुरकुततात आणि शेजारचे फुगतात. पार्श्वभूमी ‘पांढरी’ असं कधीही लिहू नये. पांढऱ्याचे दहा प्रकार निघतात, आणि एकत्र मांडले की मोतिया रंग शुभ्राशेजारी मळका दिसतो. एकाच ताग्यातलं कापड सगळ्यांना वाटून टाकावं, नाहीतर मग पार्श्वभूमी मुद्दाम वेगवेगळी ठेवायला सांगावी. अधलंमधलं काही चांगलं दिसत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ठळक अक्षरांत: पाठवण्याआधी ब्लॉक छाटू नका. सव्वाबारा भरलेल्याला काहीतरी करता येतं, पण टोक छाटलेल्या ताऱ्याला नाही. या नमुन्यात ताऱ्याची टोकं बसलेल्या ब्लॉकच्या काठाला टेकतात, त्यांच्यापुढे मायेपुरतं पाव इंच कापड असावंच लागतं. ते छाटलं की ब्लॉकांमधली पट्टी जोडल्यावर टोकं बोथट.

कापडाचा हिशेब माणशी १३ ब्लॉकचा धरावा: अकरा इतरांचे, एक स्वतःचा, एक राखीव. कुणी ना कुणी मध्येच सुटतं, तेव्हा राखीवच कामाला येतो. एका ब्लॉकला पार्श्वभूमीचे साडेचार इंचांचे चार आणि पाच इंचांचे दोन चौकोन. ताऱ्याच्या कापडाचा साडेचारचा एक आणि पाचचे दोन. वापरता येणारा पन्हा ४० इंच धरला तर एका आडव्या पट्टीत दोन्ही मापांचे आठ-आठ चौकोन निघतात. तेरांना पार्श्वभूमीचं साधारण १ मीटर ४० सेंटिमीटर आणि ताऱ्याचं ८५ सेंटिमीटर पुरतं, थोडी चूक पोटात घालून.

त्रिकोणांचे चौकोन असे: पाच इंचांचे दोन चौकोन, एक पार्श्वभूमीचा आणि एक ताऱ्याचा, सुलट बाजू आत ठेवून, कर्णावर पेन्सिलची रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर टीप, मग रेघेवर काप. दोन चौकोन मिळतात, प्रत्येकी साडेचारपेक्षा एका सुताने मोठे. ते मोजपट्टीच्या कर्णरेषेवर शिवण जुळवून साडेचारला छाटायचे. छाटणी हवी ती इथे, ब्लॉक पुरा झाल्यावर नव्हे.

मंगळवार, रात्री

मोजून झाल्यावर लक्षात आलं की एक तारा उलटा फिरतोय.

फ्रेंडशिप स्टार भिंगरीसारखा असतो, त्याला दिशा असते. चारही त्रिकोण-चौकोन चुकीच्या अंगाने लावले तर तारा नीटच होतो, फक्त डावीकडे फिरायचा तो उजवीकडे फिरतो. एकटा पाहिला तर चूक सापडतच नाही. ब्लॉक कितीही गरगर फिरवून ठेवला तरी दिशा बदलत नाही. ती कापड उलट केल्यावरच बदलते, आणि तेव्हा शिवणी वर येतात. यावर उपाय एकच: नमुन्याच्या कागदावर नुसतं चित्र न देता ‘वरच्या मधल्या चौकोनात गडद कोपरा खाली डावीकडे’ असं शब्दांत लिहिणं. चित्र फोनवर कधी आरशातल्यासारखं उलटं होऊन जातं, शब्द उलटे होत नाहीत.

बुधवार

आजचा दिवस दुरुस्तीचा. आधी सव्वाबारा भरलेले दोन.

पहिल्याची मागची माया पट्टीने मोजली तर बरोबर दोन सूत. मग पाव इंच गेला कुठे? पुढून पाहिलं तर शिवणीलगत कापडाची बारीकशी दुमड, इस्त्रीने दाबून कायम झालेली. शिवण पूर्ण न उघडता एका बाजूला लोटली की असं होतं. पाण्याचा हात लावला, सुलट बाजूने नखाने शिवण उघडत नेली, वाफ दिली, गार होऊ दिलं. ब्लॉक साडेबाराला आला. न उसवता.

दुसऱ्याची माया खरोखरच अडीच सूत. इथे उसवायचं, पण आधी नाही. जुन्या टिपेच्या बाहेरच्या अंगाला, कापडाच्या कडेकडे, अर्ध्या सुतावर नवी टीप मारायची आणि मग जुनी काढायची. आधी उसवलं तर तुकडे हलतात, त्रिकोणांच्या उरेब (तिरप्या कापलेल्या) कडा ताणल्या जातात आणि टोकं पुन्हा जुळत नाहीत. ओळी जोडणाऱ्या लांब शिवणींना हे सहज जमतं. ओळींच्या आतल्या छोट्या शिवणींसाठी जिथे दोन शिवणी एकमेकींना छेदतात तिथले सहा-सात टाके सोडवून परत घालावे लागतात. जुन्या सुईची भोकं दिसतात, पण ओल्या बोटाने चोळून वाफ दिली की बुजतात.

एक-एक सुताने कमी-जास्त असलेल्या दोघांना हात लावला नाही. ते पट्टी जोडतानाच सांभाळून घेता येतात: दोन्ही टोकं आणि मध्य टाचून घ्यायचे, आणि ज्याचं कापड जास्त ते खाली, यंत्राच्या दात्यांकडे. दाते खालचं कापड किंचित जास्त ओढतात, त्यातच फरक जिरतो. १२ इंचांत एक सूत खपतं, दोन सूत खपवायला गेलं की चुणी पडते.

लाटांच्या ब्लॉकला खळ. बाहेरच्या कडेला उरेब कापड आलं किंवा इस्त्री ओढून फिरवली की अशी लाट येते. जाड कागदावर साडेबारा इंचांचा चौकोन आखला, तो इस्त्रीच्या पाटावर ठेवला, ब्लॉकवर खळ फवारली, कोपरे आणि मध्य रेषेवर टाचले, मधलं जास्तीचं कापड हाताने थापून वाफ दिली. टाचण्या काढायच्या नाहीत, पूर्ण गार आणि कोरडं होईपर्यंत तसंच. घाईत काढलं की लाट परत येते.

गडद लालाची परीक्षाही आजच: ओलं पांढरं फडकं शिवणीवर ठेवून वर गरम इस्त्री. फडक्यावर गुलाबी आलं तर तो रंग धुण्यात सुटणार. असा ब्लॉक परत पाठवत नाहीत, पण पहिलं धुणं गार पाण्यात आणि रंग टिपणारे कागद घालून करायचं, हे पाठच्या लेबलावर लिहून ठेवायचं.

शुक्रवार

मांडणी. तीन स्तंभ, चार ओळी. ब्लॉकला ब्लॉक थेट जोडायचे नाहीत, मध्ये पट्ट्या घालायच्या. अदलाबदलीच्या गोधडीत पट्टी ही सजावट नसते. बारा जणांनी शिवणी बारा दिशांना लोटलेल्या असतात. थेट जोडले तर शिवणीवर शिवण येऊन ढेकळं होतात, आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला भिडवताना जीव जातो. पट्टी आली की कोण कुठे लोटलंय याला महत्त्वच उरत नाही. पट्टीचा रंग मध्यम ते गडद बरा, कारण पांढऱ्या पट्टीशेजारी पार्श्वभूमीतला सगळा फरक उघडा पडतो.

दोन इंच दिसणारी पट्टी म्हणजे कापायची अडीच बाय साडेबारा. बाहेरच्या कडेलाही धरून अशा ३१ पट्ट्या, आणि जिथे पट्ट्या मिळतात तिथे अडीच इंचांचे २० कोपरचौकोन. एका पन्ह्यात तीन पट्ट्या निघतात, म्हणजे ११ आडवे काप, साडेसत्तावीस इंच कापड. कोपरचौकोनांना पाच इंच. हे चौकोन टाळून लांबच लांब पट्टी घालायचा मोह होतो, पण तेव्हा वरच्या ओळीतला ब्लॉक खालच्यापेक्षा बोटभर सरकतो आणि ते शेवटी, जमिनीवर पसरल्यावर दिसतं. कोपरचौकोन असले की शिवणीत शिवण अडकते आणि ओळी आपोआप सरळ येतात. पट्टीची शिवण पट्टीकडेच लोटायची, सगळीकडे.

रंगांच्या मांडणीसाठी फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहिला. लाल आणि हिरवा, डोळ्यांना एकमेकांपासून लांब वाटणारे, दोघेही सारखेच करडे निघाले. गडद चार ब्लॉक कोपऱ्यांना नेले की मांडणी पेटीसारखी बंद होते. तिरपे पेरले की नजर फिरत राहते. दुसरं बरं.

उलटा तारा तिसऱ्या ओळीत मधोमध ठेवला. कोपऱ्यात लपवला असता तर चुकून आल्यासारखा दिसला असता.

रविवार

पट्ट्यांसकट वरचा थर सुटा साडेचव्वेचाळीस बाय साडेअठ्ठावन्न (बसलेला ४४ बाय ५८) भरायला हवा, तो पाऊण सुताने कमी भरला. चालेल. चार इंचांचा काठ लावायचा, पण काठाची लांबी गोधडीच्या कडेवरून मोजायची नाही, कडा हाताळून ताणलेल्या असतात. वर, मध्ये आणि खाली असं तीनदा मोजून सरासरी काढावी आणि काठ तेवढाच कापून गोधडी त्यात बसवावी. लांब पट्टी जोडत जाऊन शेवटी उरलेली कापली की काठ झालरीसारखा हलतो.

काठ लागल्यावर बसलेलं माप ५२ बाय ६६. अस्तर आणि आतलं बॅटिंग (मऊ भरणाचा थर) प्रत्येक बाजूला चार इंच जास्त, म्हणजे ६० बाय ७४.

ब्लॉक शिवणाऱ्यांच्या सह्या, तिन्ही थरांवर टीप घालण्याआधी करून घ्याव्यात. अमेरिकेत १८४०च्या दशकात सह्यांच्या गोधड्यांची लाट आली होती. तेव्हाच्या काही लोहयुक्त शायांनी पुढे कापडच खाल्लं, म्हणून आता रंगद्रव्याची, न पुसणारी शाई असलेलं बारीक टोकाचं पेन वापरतात. मागून मेणकट फ्रीजर पेपर इस्त्रीने चिकटवला की कापड कागदासारखं ताठ होतं आणि अक्षर फाटत नाही. लिहून झाल्यावर कोरडी इस्त्री. ब्लॉकबरोबर आलेल्या चिठ्ठ्या सेफ्टी पिनेने अडकवलेल्या असाव्यात. चिकटपट्टीचा डाग उन्हाळ्यात पिवळा पडतो.

गोटासाठी, म्हणजे कडेभोवती शिवायच्या पट्टीसाठी, परीघ २३६ इंच, वर कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी १२. अडीच इंच रुंदीच्या सात पट्ट्या, तिरप्या जोडाने. सहा कापल्या तर शेवटच्या कोपऱ्यापाशी कापड संपतं.