'अख्खे लातूर रांगेत उभे होते': लक्षणा, व्यंजना आणि ओवी

पदवीच्या वर्गाला मराठी शिकवताना दर वर्षी एकच वाक्य मला अनेक हस्ताक्षरांत वाचावे लागते: 'मुख्यार्थाला बाध आला की लक्षणा होते.' म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जुळेनासा झाला, की त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो. वाक्य चुकीचे नाही. पण उदाहरण विचारले की बहुतेक जण 'गंगेवर गवळीवाडा' एवढेच लिहून थांबतात. वाहत्या पाण्यावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणून 'गंगेवर' याचा अर्थ 'गंगेच्या काठावर' असा घ्यावा लागतो, हे फार थोड्यांना सांगता येते. संज्ञा अवघड आहे म्हणून असे होते, हे मला पटत नाही. ती ज्या व्यवहाराचे नाव आहे तो आपल्याच घरात रोज चालतो, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

म्हणून मी आता लातूरपासून सुरुवात करतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांविषयी 'अख्खे लातूर रांगेत उभे होते' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला काहीच खटकत नाही. वास्तविक शहर रांगेत उभे राहत नाही. हा झाला मुख्यार्थाचा बाध. शहर आणि तिथे राहणारी माणसे यांचे नाते, हा संबंध. आणि 'लातूरचे लोक' असे न म्हणता 'अख्खे लातूर' म्हणण्यामागे टंचाईची दाहकता पोचवण्याचा जो हेतू आहे, ते प्रयोजन. 'आम्ही वर्षभर ज्वारी खातो' यातही बाध आणि संबंध आहेत, कारण आपण खातो ती भाकरी. मात्र तिथे प्रयोजनाऐवजी केवळ रूढी आहे. बाध आणि संबंध यांच्या जोडीला रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असल्याशिवाय लक्षणा सिद्ध होत नाही.

व्यंजनेचे, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवण्याच्या शब्दशक्तीचे, काम याहून सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथेच. 'आभाळ भरून आले आहे' हे वाक्य पाहा. जूनमध्ये पेरणी खोळंबलेल्या घरात त्याचा अर्थ 'तिफण काढा' असा होतो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून रानात पडलेले असेल, तर तेच वाक्य 'ताडपत्री घेऊन पळा' असे सांगते. मुख्यार्थाला कुठेही बाध नाही, आभाळ खरोखरच भरून आलेले आहे. तरीही बोलणारा, ऐकणारा, काळ आणि प्रसंग यांच्यातून दुसरा अर्थ उमटतो. हा सूचित अर्थ जिथे प्रधान होतो तिथे ध्वनिकाव्य असते, आणि नवव्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले.

अलंकारांबद्दल थोडेच सांगतो. 'सारखा' दिसला की उपमा आणि 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, ही खूण परीक्षेपुरती चालते. पण कवीने दोन वस्तू वेगळ्या ठेवल्या, एक दुसरीच असावी अशी कल्पना केली, की रूपकातल्याप्रमाणे दोन्ही एकरूप मानल्या, हे आधी पाहिले तर खुणेची गरज उरत नाही.

वृत्तासाठी तर आपल्याला दूर जावेच लागत नाही. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि त्यांचे 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत: प्रत्येक चरणात बारा अक्षरे, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे चार य-गण, आणि प्रत्येक गणात लघु-गुरु-गुरु (एक आखूड, दोन लांब) अशी चाल. 'मना सज्जना' म्हणताना बाकावर ठेका धरायला सांगितला, की पुढच्या जोडाक्षराच्या आघातामुळे 'स' गुरु होतो हे बोटांनाच कळते.

ओवीचे मात्र दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. आपेगावच्या ज्ञानेश्वरांच्या ग्रंथातील ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड सुटतो. जात्यावरची ओवी गाण्यासाठीच असते. सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथातही महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने आजीच्या ओव्या वहीत उतरवून आणल्या. अक्षरे मोजली तर एकही ओळ दुसरीशी जुळेना, आणि आपले लिहिणेच चुकले असावे असे तिला वाटले. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर आजीचा आवाज ऐकवला. जिथे अक्षरे कमी पडत होती तिथे आजी स्वर लांबवत होती किंवा मध्येच 'गं बाई' घालत होती, आणि प्रत्येक ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर नेमकी संपत होती.