मानेचा पट्टा नको, कॅलेंडर द्या

चक्कर येते म्हटलं की आपल्याकडे आरोपी ठरलेले: बीपी, पित्त आणि मानेचे मणके. कानाचं नाव कुणी घेत नाही. माझ्या बाबतीत तोच निघाला. व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज.

आधी साधी सर्दी होऊन गेली होती. मग एका सकाळी खोली गरगर फिरायला लागली ती डोळे मिटले तरी थांबेना. उलट्या, आणि उभी राहिले की डावीकडे झोक. शेजारच्या काकूंनी आणलेला आलेपाकही पोटात टिकला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, "माझ्या नाकाकडे बघत राहा" म्हणाले आणि झटकन वळवलं. उजवीकडे वळवलं तेव्हा नजर नाकावरच राहिली. डावीकडे वळवलं की डोळे डोक्याबरोबर घसरायचे आणि मग उडी मारून परत यायचे. गंमत म्हणजे हा बिघाड दिसला म्हणून त्यांना हायसं वाटलं! सतत गरगरतंय आणि ही तपासणी नॉर्मल आली, तर मेंदूच्या झटक्याची शंका घ्यावी लागते. बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, हातपाय लुळे पडणं असं काही असेल तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मला ऐकू नीट येत होतं. सूज फक्त तोलाच्या शाखेला, बहुधा विषाणूमुळे. दोन्ही कानांकडून मेंदूला सारखी खबर जात असते. जोडीतला एक बैल बसला की गाडी वळते, तसं झालं होतं.

चक्कर दाबायची गोळी सुरुवातीचे दोन-तीन दिवसच दिली. जास्त घेतली तर मेंदू नव्या हिशोबाला उशिरा सरावतो म्हणे. जाऊबाईंनी तोवर मानेचा पट्टा पाठवला होता. मान आखडून बसणं म्हणजे नेमका उलटा उपाय! मला तर व्यायामच मान हलवायचा होता: भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या एका तारखेवर नजर रोखायची आणि मान डावी-उजवीकडे हलवत राहायची. आकडा नाचायचा, मळमळायचं. तरी रोज करायचं.

आता मंडईत एकटी जाते. अंधारात मात्र डोळ्यांची मदत नसते, पाय चाचपडतात. म्हणून पॅसेजचा दिवा रात्रभर चालू असतो, आणि वीजबिलावरून ह्यांची कुरकुरही.